काकडीचं बी घेताना

मे महिना सरत आला, वळवाच्या दोन सरी पडून गेल्या की आमच्या सोसायटीत कुणी ना कुणी जिन्यात थांबवून विचारतंच, "काकू, यंदा काकडी लावायचीय. कोणतं बी आणू?" कोथरूडमध्ये गच्चीवर भाजी लावायला लागून मला बरीच वर्षं झाली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. मी लगेच वाणाचं नाव सांगत नाही. आधी विचारते, "तुमच्याकडे मधमाश्या येतात का?" समोरच्याला वाटतं, मी विषय बदलला. पण काकडीचा वाण निवडायचा तर सुरुवात इथूनच करावी लागते, आणि बियाण्याच्या पाकिटावरच्या फोटोत नेमकी हीच गोष्ट दिसत नाही.

काकडीच्या वेलावर नर आणि मादी फुलं वेगवेगळी येतात. दोन्ही पिवळी, लांबून पाहिली तर सारखीच. सकाळी वेलाजवळ जाऊन फुलाची मागची बाजू पाहा. नर फूल बारीक देठावर असतं, बहुधा तीन-चारच्या झुबक्यात. मादी फुलाच्या मागे करंगळीच्या पेराएवढी, बारीक काट्यांची, पूर्ण घडलेली काकडी आधीच तयार असते. हे फूल एका दिवसापुरतं उमलतं. त्या दिवसात मधमाशीने नर फुलावरचे पराग आणून तिथे पोचवले तर ती इवलीशी काकडी वाढीला लागते. नाही पोचवले तर दोन-तीन दिवसांत टोकाकडून पिवळी पडते आणि गळून जाते. एका माशीच्या एका भेटीने भागत नाही, कारण आतलं बी पुष्कळ असतं आणि प्रत्येक बी धरायला परागाचा वेगळा कण लागतो. पराग अपुरे पडले की जिथे बी धरलं तो भाग फुगतो, बाकीचा आकसून राहतो आणि काकडी वाकते. अशी वाकडी काकडी उभी चिरून पाहावी. जाड भागात भरलेलं बी दिसतं, निमुळत्या भागात नुसत्या पांढऱ्या पापड्या. खत कमी पडलं असं समजून लोक आणखी खत घालत बसतात आणि वेल नुसता पानांनी माजतो.

म्हणून वाण निवडताना मी काकडीची लांबी-रुंदी नंतर पाहते, फुलांचा स्वभाव आधी पाहते.

आपले सगळे गावठी आणि बहुतेक सुधारित वाण नर-मादी दोन्ही फुलं देणारे असतात. त्यांच्यावर आधी फक्त नर फुलं येतात, आणि मग आठवडा-दहा दिवसांनी मादी फुलं दिसायला लागतात. नवीन माणूस या काळात घाबरतो. "काकू, सगळी वांझ फुलंच येतायत," अशी तक्रार दरवर्षी ऐकू येते. वांझ वगैरे काही नसतं, वेल आपल्या क्रमानेच चाललेला असतो. कडक ऊन आणि मोठा दिवस असला की नर फुलांचं प्रमाण वाढतं, म्हणून उशिरा लावलेल्या उन्हाळी वेलावर हा काळ जास्त लांबतो.

दुसरा गट म्हणजे जवळजवळ सगळी मादी फुलंच येणारे संकरित वाण. पुसा संयोग हा आपल्याकडचा त्यातला जुना, नावाजलेला संकरित वाण. भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या हिमाचलातल्या कुलू खोऱ्यातल्या कटराईन केंद्रात तो तयार झाला. अशा वाणाला काकड्या लवकर आणि भरपूर लागतात. पण पराग पुरवायला नर फुलं हवीतच, त्यामुळे त्याच्या शेजारी साध्या वाणाचा एखादा वेल लावावा लागतो. गच्चीत दोनच कुंड्यांची जागा असेल तर एकात हा आणि एकात साधा, अशी जोडी जमते.

तिसऱ्या गटातल्या वाणांना माशीची गरजच नसते. परागाशिवाय फळ धरतं, आत बी नसतं, साल पातळ असते. मॉलमध्ये प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून विकतात ती लांबट काकडी याच कुळातली. हरितगृहात, म्हणजे जाळीच्या आणि कागदाच्या आडोशाला, जिथे माशी शिरत नाही अशा शेतीसाठी हे वाण आहेत. भारतीय कृषी संशोधन संस्थेने पुसा बीजविरहित काकडी-६ नावाचा असा वाण दिला आहे. तो चाळीस-पंचेचाळीस दिवसांत तोडणीला येतो. दहाव्या-बाराव्या मजल्यावर राहणाऱ्यांना, किंवा बाल्कनीला कबुतरांसाठी आणि डासांसाठी बारीक जाळी मारलेल्यांना मी हाच गट सुचवते. बी महाग असतं, दाणे मोजून मिळतात, आणि पुढच्या वर्षी पुन्हा विकत घ्यावंच लागतं. तरीही जिथे मधमाशी नाही तिथे गावठी बी लावून महिनाभर गळलेली फळं वेचण्यापेक्षा हे बरं. मात्र हाच वाण उघड्या गच्चीत साध्या काकडीजवळ लावला तर माश्या त्याच्याही फुलांवर जातात, मग आत बी धरतं आणि फळ टोकाला बेढब फुगतं.

ज्यांना गावठी काकडीच हवी आणि माश्याही नाहीत, त्यांना एक हाताने करण्याजोगा उपाय आहे. सकाळी उमललेलं ताजं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या काढून टाकायच्या आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या आतल्या तीन पाकळीदार, चिकट भागावर हलकेच फिरवायचा. एका मादी फुलाला दोन-तीन नर फुलं वापरली तर काकडी सरळ होते. हे काम सकाळी दहाच्या आत उरकावं. आमच्या मजल्यावरची एक शाळकरी मुलगी तिच्या आजीच्या वेलावर हे रोज करते आणि कोणत्या फुलाला केलं ते लक्षात राहावं म्हणून देठाला रंगीत दोरा बांधते. तिच्या आजीकडे काकडी भरपूर होते.

आता वाणांची नावं. पुण्याच्या माणसाने पुना खिरा एकदा तरी लावावा, असं मला मनापासून वाटतं. लवकर येतो, फळ आखूड, जाडसर, चवीला गोडसर आणि करकरीत. कोवळेपणी फिकट, पिकत आलं की साल पिवळट-तांबूस आणि मग खरबरीत तपकिरी होते, अगदी बटाट्यासारखी. नेमकी हीच गोष्ट बाजारात नडली. साल तपकिरी झाली की गिऱ्हाईक ती काकडी जून समजून बाजूला टाकतं, मग आतून ती कितीही कोवळी असो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने पुना खिऱ्याचा कल्याणपूर अगेतीशी संकर करून हिमांगी हा वाण काढला, त्याची साल पांढरी असते आणि तशी तपकिरी पडत नाही. आपल्या मंडईत पांढरट, मऊ सालीची काकडी लोक हौसेने घेतात, त्यामुळे हिमांगी चांगलाच रुळला. राहुरीचाच फुले शुभांगीही आहे. पण पुण्याच्या गच्चीसाठी, जून-जुलैत किंवा जानेवारीअखेर-फेब्रुवारीत लावायला, माझं मत हिमांगीच्या बाजूने आहे. कोशिंबिरीला साल काढावी लागत नाही, आणि एक-दोन दिवस तोडायची राहून गेली तरी लगेच राठ होत नाही.

गंमत म्हणजे ज्या पुना खिऱ्याला इथे तपकिरी सालीपायी मागे हटावं लागलं, तो अमेरिकेत हौशी बागकाम करणाऱ्यांच्या बियाणे-सूचीत 'पूना खीरा' याच नावाने जुना, जपण्याजोगा वाण म्हणून मानाने मिळतो. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण मे महिन्यात हिमतुषाराची भीती संपली की परसात तोच लावते. तिथले शेजारी त्याची तपकिरी झालेली फळंही सोलून आवडीने खातात, असं ती सांगते. मीही खाल्ली आहेत. साल काढली की आतला गर पांढराशुभ्र आणि कुरकुरीत असतो.

जपानी लाँग ग्रीन, स्ट्रेट एट ही नावंही दुकानात दिसतात. हिरवी, लांब, देखणी फळं. सँडविचला छान. पुण्याच्या उन्हात ती मला कधी फारशी आवडली नाहीत, पण महाबळेश्वर-पाचगणीकडे किंवा नाशिकच्या थंडीच्या टोकाला कुणी लावून पाहायला हरकत नाही. डिसेंबरच्या कडाक्यात मात्र कोणतीच काकडी पेरू नये. बी उगवायला पंचवीस-तीस अंश उबारा लागतो. तो असला की चार-पाच दिवसांत दोन जाड पानं वर येतात, नसला की बी मातीतच कुजतं.

कोकणाचा विषय वेगळा काढावा लागतो. माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. तिथल्या पावसात देशावरचे वाण तगत नाहीत. सतत ओली पानं, ऊन नाही, मग केवडा येतो. पानावर शिरांच्या मधोमध कोनाकोनाचे पिवळे डाग पडतात आणि पान उलटं केलं की खाली करडी-जांभळट बुरशी दिसते. आठ दिवसांत वेल जळाल्यासारखा होतो. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने यासाठी शीतल हा वाण दिला. डोंगरउताराच्या हलक्या जमिनीत आणि जास्त पावसात तो तग धरतो, पेरल्यापासून साधारण पंचेचाळीस दिवसांत पहिली तोड येते आणि हिरवी, मध्यम फळं पाव किलोच्या आतबाहेर भरतात. कोकणात घर असेल आणि रोजच्या जेवणासाठी काकडी हवी असेल तर डोळे मिटून शीतल लावावा.

पण कोकणातल्या आणि गोव्यातल्या परसात शीतलच्याही आधीपासून तवसं आहे. पाऊस सुरू होताना आळ्यात बी टोकायचं, वेल मांडवावर चढवायचा आणि गणपतीच्या सुमाराला हातभर लांबीची, मांडीएवढी जाड फळं खाली लोंबताना पाहायची. कोवळं तवसं कोशिंबिरीला चालतं, पण त्याची खरी जागा धोंडसात. जून तवशाची जाड साल काढायची, मधला बियांचा गाभा काढायचा, गर किसायचा, त्यात तांदळाचा रवा, गूळ, खोबरं, वेलची घालायची आणि जाड बुडाच्या टोपात खाली मंद आच आणि वरच्या झाकणावर निखारे ठेवून भाजायचं. रवा काकडीच्या अंगच्या पाण्यातच शिजतो, वेगळं पाणी घालावं लागत नाही. गोव्यात याला तवसाळी म्हणतात. हे पातळ सालीच्या बीजविरहित काकडीचं करून पाहिलं तर ओला गोळा होतो आणि चव कुठेच लागत नाही. माश्यांबरोबरच काकडी घरात कशासाठी हवी, हेही मी विचारते ते यासाठी. रोजच्या कोशिंबिरीला एक वाण, आणि वर्षातून एकदा धोंडस करायचं घर असेल तर त्याला तवसंच. तवशाला कुंडी पुरत नाही, जमीन हवी. बाकीच्या काकड्यांना निदान पंधरा-वीस लिटरच्या कुंडीत एकच वेल ठेवावा. एका कुंडीत तीन वेल वाढवले की तिन्ही उपाशी राहतात.

कडूपणाबद्दल बोलायलाच हवं. काकडीच्या वेलात कुकुर्बिटासिन नावाचं कडू द्रव्य असतं. ते पानांत आणि खोडात असतंच, कधी फळातही उतरतं, आणि मग देठाकडच्या टोकाला आणि सालीखाली जास्त जाणवतं. हिमालयाच्या पायथ्याशी काकडीची रानटी बहीण अजून उगवते, तिची छोटी फळं कडूजहर असतात. त्याच कुळातून निवडून निवडून माणसाने खाण्याजोगी काकडी घडवली. तो कडू स्वभाव गावठी वाणांत अधूनमधून डोकं वर काढतो, विशेषतः उन्हाने आणि पाण्याच्या ताणाने. एक दिवस कुंडी सुकली आणि दुसऱ्या दिवशी भरपूर पाणी घातलं, असं चाललं की कडू काकडी ठरलेलीच. टोक कापून घासून फेस काढण्याची आपली जुनी रीत आहे. टोक कापल्याने थोडा कडूपणा खरोखरच जातो, घासल्याने आतला जात नाही. म्हणून प्रत्येक काकडीचा देठाकडचा पातळ काप आधी चाखावा. किंचित कडू असेल तर तेवढा भाग काढून टाका. जहाल कडू असेल तर अख्खी टाकून द्या. हे द्रव्य पोट बिघडवतं, जास्त गेलं तर उलट्या-जुलाब होतात. कोशिंबिरीत दही-दाण्याचं कूट घालून कडूपणा झाकू नये. घरात लहान मुलं किंवा पोटाने नाजूक वडीलधारी असतील तर कडूपणा नसलेला संकरित वाण घ्यावा, हे मी स्पष्ट सांगते.

दुकानात आणखी एक घोटाळा होतो. "ताई, हे पण काकडीचंच बी," म्हणून तरकाकडीचं पाकीट हातात दिलं जातं. लांब, बारीक, वळणदार, उभ्या रेघांची तरकाकडी खायला छानच असते, पण ती खरबुजाच्या कुळातली. आपलं वाळूक आणि कोकणातला चिबूडही त्याच कुळातले. काकडीचा त्यांच्याशी संकर होत नाही, त्यामुळे शेजारी चिबूड लावला म्हणून काकडीची चव बिघडली, हा समज खरा नाही. उन्हाळ्यात तरकाकडी उलट जास्त तग धरते. मार्च-एप्रिलच्या विदर्भातल्या किंवा मराठवाड्यातल्या उन्हात काकडी रुसली तर तरकाकडी किंवा वाळूक लावून बघावं.

पाकीट घेताना मागची बाजू वाचायची. वाणाचं नाव, चाचणीची तारीख, किती दिवस चालेल ती मुदत आणि उगवणक्षमता. काकडीसाठी प्रमाणित बियाण्याची किमान उगवण ६० टक्के असावी लागते, चांगलं बी त्याहून बरंच जास्त उगवतं. नुसतं 'काकडी, उत्तम प्रतीची' असं लिहिलेलं, वाणाचं नाव नसलेलं पाकीट मी घेत नाही. बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते मुलांच्या हाती देऊ नये आणि पेरल्यावर हात साबणाने धुवावेत. राहुरी आणि दापोलीचे वाण विद्यापीठांच्या बियाणे विक्री केंद्रांत विचारावेत, पेरणीच्या आधी महिनाभर चौकशी केलेली बरी.

कीड कोणत्याच वाणाला सोडत नाही. फळमाशी कोवळ्या फळात अंडी घालते, तिथे फळ खचतं, डिंकासारखा थेंब येतो आणि आत अळ्या होतात. फळ बोटभर झालं की कागदी पिशवी बांधावी, आणि क्यू ल्यूरचा सापळा लावावा. त्यात नर माश्या अडकतात. लाल भुंगेरे सकाळी सुस्त असतात, तेव्हा हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकावेत. पावसाळा संपून थंडी सुरू होताना पानांवर भुरी येते. गंधक मारताना कडक ऊन टाळावं, काकडीची पानं त्याने भाजतात.

बी राखण्याबद्दल माझा आग्रह आहे. संकरित वाणाचं बी राखून उपयोग नाही, पुढची पिढी वेगवेगळी निघते. पुना खिरा, हिमांगी, शीतल आणि गावठी तवसं यांचं बी मात्र राखता येतं. जवळपास काकडीचा दुसरा वाण फुलात असेल तर माश्या पराग मिसळतात. त्याने या वर्षीच्या फळाची चव बदलत नाही, बदल पुढच्या पिढीत दिसतो. म्हणून बियाण्यासाठी निवडलेलं मादी फूल आदल्या संध्याकाळी, कळी असतानाच, मऊ कापडाच्या पिशवीत बांधावं. त्याच वाणाच्या नर कळ्याही तशाच बांधाव्यात. सकाळी हाताने पराग लावून फूल पुन्हा झाकावं आणि देठाला खूण करावी. ते फळ वेलावरच पूर्ण पिवळं किंवा तपकिरी होऊ द्यायचं. मग चिरून गर बियांसकट भांड्यात दोन-तीन दिवस आंबवायचा, वरचा फेस आणि तरंगणाऱ्या पोचट बिया ओतून टाकायच्या, तळाला बसलेलं बी धुऊन सावलीत वाळवायचं. कडू फळाचं बी कधी धरू नये. कोरड्या बरणीत हे बी चार-पाच वर्षं सहज टिकतं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, आणि २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांनी केलं ते आपल्या आज्या घराघरांत करतच होत्या. राखेत घोळवलेलं काकडीचं बी शिंकाळ्यावरच्या गाडग्यात ठेवलेलं मी माहेरी पाहिलं आहे. ती घरं आता बंद होत चालली आहेत, आणि घराबरोबर त्या अंगणातलं तवसंही जातं. ते बी पुन्हा कोणत्याही दुकानात विकत मिळत नाही.

गणपतीला गावी जाल तेव्हा शेजारपाजारच्या वयस्कर बायकांना विचारा, "काकी, तुमच्या मांडवावरचं तवसं घरच्या बियांचं आहे का?" असेल तर एक जून फळ मागून घ्या. बी वाळवून कागदाच्या पुडीत बांधा आणि पुडीवर गावाचं, वाडीचं, देणाऱ्या बाईचं नाव आणि साल लिहा. अर्धं बी स्वतः लावा, अर्धं दुसऱ्या कुणाला तरी द्या.